हूल, सुरी आणि दोनदा घेतलेली जकात

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. पाऊस, नोकरी, आळस.. कारणं नेहमीचीच. पण गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या खेळात जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी बसलोय. आधीच सांगून ठेवतो, हा लेख भांडणाचा आहे. भांडण थोडं माझ्याशी आहे आणि बरंचसं एका पुस्तकाशी.

ज्यांना आमचा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. पट असलाच पाहिजे असं नाही. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्र काय करतं ते तुम्ही तोंडाने सांगायचं, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट चालवणाऱ्याला आम्ही 'सूत्रधार' म्हणतो. रत्नागिरीत हा खेळ खेळणारे किती हे विचारू नका, माझ्या माहितीत आमचंच एक टेबल आहे. आम्ही पाच-सहाजण रविवारी दुपारी चारला जमतो, चहा होतो, भजी होतात, वीज गेली तर मेणबत्तीवर खेळतो. आवृत्ती जुनी, २००३ सालची साडेतीन. नवी पुस्तकं आली तरी आम्ही तिथेच राहिलो. सवय, दुसरं काय!

सूत्रधार मी. आणि गेल्या महिन्यात मी एका मुलीचं पात्र नियमाने मारलं.

झालं असं. ती कॉलेजात शिकते. तिचं पात्र 'रोग' या वर्गातलं. (रोग म्हणजे आजार नव्हे हो, ठक. हा विनोद आमच्याकडे दर रविवारी होतो.) कथेत एक क्रूर सरदार होता आणि त्याचा एक पहाऱ्यातला वाडा. वाड्याचा नकाशा मी सरळ आपल्या थिबा पॅलेसवरून ढापला होता. खाडीच्या वर, टेकडीवर, गॅलऱ्याच गॅलऱ्या. बाकीच्या गड्यांचा बेत भिंतीवरून चढायचा. ही म्हणाली, मी दारातून जाते. विडे लावणारी दासी म्हणून.

पहिल्या रविवारी ती दरवाज्यातून आत गेली. पहारेकऱ्याने झडती घेतली. लहान सुरी ओच्यात. इथे पुस्तकाचा नियम स्वच्छ आहे: लपवणाऱ्याने 'स्लाइट ऑफ हँड'चा फासा टाकायचा, झडती घेणाऱ्याने 'सर्च'चा. झडती घेणाऱ्याला चार जास्त. सुरी लपवायला सोपी म्हणून हिला दोन जास्त, लुगडं सैल म्हणून आणखी दोन. म्हणजे इकडचे चार आणि तिकडचे चार फिटले. फासे पडले, ती जिंकली. दुसऱ्या रविवारी सरदाराला संशय आला, त्याने बोलावून चौकशी केली. तिने 'ब्लफ'चा फासा टाकला, सरदाराने 'सेन्स मोटिव्ह'चा, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखण्याचा. परत ती जिंकली. आणि त्याखेरीज तिने जो अभिनय केला! सरदार ओरडला की हातातला डबा पाडायचा, चुना जास्त लावायचा, मग रडकुंडीला येऊन माफी मागायची. तिसऱ्या रविवारपर्यंत सरदार तिला नावाने हाक मारेनासा झाला होता. 'ए वेंधळे' म्हणायचा. तो आवाज मीच काढत होतो आणि मला मजा येत होती.

तिसऱ्या रविवारी, दिवेलागणीला, सरदार एकटा. ती म्हणाली, "मी विडा देताना हातातून पाडते. तो नेहमीसारखा खाली बघेल, शिवी देईल. मी वाकते, ओच्यातली सुरी काढते आणि मारते."

सगळे गप्प झाले. आणि मी.. मी पुस्तक उघडलं.

विडा पाडून लक्ष वळवणं म्हणजे हूल. साडेतीनच्या नियमाप्रमाणे हूल देणं ही एक 'स्टँडर्ड ॲक्शन'. लपवलेलं शस्त्र बाहेर काढणं हीसुद्धा एक स्टँडर्ड ॲक्शन. वार करणं ही तिसरी. एका टर्नमध्ये स्टँडर्ड ॲक्शन एकच मिळते, आणि लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. समोरचा बेसावध असल्याने तिला एक 'सरप्राइज राउंड' मिळाला, पण त्यातही एकच कृती. मी म्हटलं, निवड. तिने सुरी काढली. मग कोण आधी हे ठरवायचे फासे पडले. तिचा चार, सरदाराचा सतरा. सरदार मागे सरला, पहारेकऱ्यांना हाक मारली. आता तिचा टर्न. ती म्हणाली, "मग आता विडा पाडू का?"

कुणी हसलं नाही. हातात नागडी सुरी, दारात पहारेकरी आणि ही विड्याची हूल देणार! तरी तिने फासा टाकला, कारण पुस्तकात तेवढाच रस्ता होता. आणि लढाईतल्या हुलीला समोरचा आपल्या 'सेन्स मोटिव्ह'मध्ये लढण्याचं कौशल्यही मिळवतो. म्हणजे आदल्या आठवड्यात जी थाप सरदाराला कळली नव्हती ती आता त्याला कळली, का, तर तो तलवार बरी चालवतो म्हणून. पुढच्या दोन फेऱ्यांत तिचं पात्र मेलं.

तिने वाद घातला नाही. फासे पिशवीत भरले आणि जाताना एवढंच म्हणाली, "काका, मग तीन रविवार मी काय करत होते?"

त्यानंतर ती आलेली नाही.

आता पुस्तकाकडे वळू. मी नियम चुकीचा वाचला असता तर माफी मागून मोकळा झालो असतो. दुखणं असं की मी नियम बरोबर वाचला. हिशोब तुम्हीच करून बघा. साध्या माणसाने, काही खास 'फीट' न घेता, आधी हूल दिली तर त्या हुलीचा फायदा त्याच्या पुढच्या टर्नपर्यंतच टिकतो. पुढचा टर्न शस्त्र काढण्यात जातो. हूल शिळी. उलट क्रमाने जा: आधी शस्त्र काढा, मग हूल, मग वार. जमतं, पण तीन टर्न, आणि हूल देता तेव्हा शस्त्र उघडं! म्हणजे ज्या दोन गोष्टी एकमेकींसाठी जन्माला आल्या त्यांची या पुस्तकात गाठच पडत नाही.

जाणकार लगेच म्हणतील, अहो, त्यासाठी फीट्स आहेत. आहेत ना. 'क्विक ड्रॉ' घ्या, लपवलेलं शस्त्र 'मूव्ह ॲक्शन'मध्ये निघतं. मग एका टर्नला हूल आणि दुसऱ्या टर्नला शस्त्र आणि वार. 'इम्प्रूव्ह्ड फेंट' घ्या, हूल मूव्ह ॲक्शनमध्ये होते. तरीही शस्त्र या टर्नला आणि वार पुढच्या. बरं, दोन्ही घ्या! हूल एक मूव्ह, शस्त्र दुसरी मूव्ह, वार एक स्टँडर्ड. एका टर्नला मिळतात एक मूव्ह आणि एक स्टँडर्ड. दोन्ही फीट्स घेतलेल्या निष्णात ठकालाही वाकणं, काढणं आणि मारणं हे एका दमात जमत नाही. त्याआधी समोरच्याचा एक अख्खा टर्न जातो. सहा सेकंद मोजून बघा एकदा. एक.. दोन.. तीन.. चार.. पाच.. सहा. सहा सेकंदांत माणूस जिना उतरतो.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: हूल आणि लपवलेलं शस्त्र या दोन गोष्टी नाहीतच, ती एकच गोष्ट आहे, आणि पुस्तकाने तिचे दोन तुकडे करून दोन्हींवर वेगळी जकात लावली आहे.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आपल्याकडच्या शाळेतल्या पोरालाही प्रतापगड ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९. मी इतिहासकार नाही, आणि साधनांमध्ये तपशील जुळत नाहीत हेही खरं. सभासदांच्या बखरीत बिचवा आणि वाघनखं आहेत, तर परमानंदाच्या शिवभारतात तलवारीचा वार आहे. पण दोन्हीकडे पहिला वार खानाचा आहे आणि दोन्हीकडे महाराज त्या वारासाठी तयार आहेत. आता आपल्या नियमांच्या चष्म्यातून बघा. हूल कुठे दिली गेली? शामियान्यात? छे! हूल आधीच सुरू झाली होती. खान वाईच्या मोकळ्या मुलखात तळ देऊन होता, तिथे त्याची फौज त्याच्या कामाची होती. त्याला जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी आणायचं होतं. वकिलांच्या येरझाऱ्या झाल्या, खानाकडून कृष्णाजी भास्कर, इकडून पंताजी गोपीनाथ. निरोपांचा सूर एकच, की शिवाजी घाबरला आहे, वाईला यायला धजत नाही. खान जावळीत उतरला तेव्हाच तो हुलीला भुलला होता. भेटीच्या क्षणी नवी हूल द्यायची गरजच नव्हती. अंगरख्याखालचं चिलखत आणि हातातलं शस्त्र हे त्याच जुन्या हुलीचं शेवटचं टोक होतं.

आणि वाघनखं ही चीज नीट बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली, तेव्हा फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. (ती महाराजांनीच वापरली का हे सिद्ध झालेलं नाही, खुद्द संग्रहालयही तसंच म्हणतं. तो वाद इथे नको.) एक पट्टी, दोन अंगठ्या, चार नखं. बाहेरून बघणाऱ्याला बोटांत दोन अंगठ्या दिसतात, नखं तळहाताच्या बाजूला मुठीत. किती सुंदर कल्पना! पण तिची लांबी किती? बोटभर. तलवारीसमोर हे शस्त्र घेऊन उभं राहणारा वेडाच म्हणायचा. ते चालतं कुठे? मिठीत. फक्त मिठीत.

इथे सगळं कोडं सुटतं. लपवायचं म्हणजे शस्त्र लहान हवं. लहान शस्त्र म्हणजे जवळ जायला हवं. जवळ जायचं तर समोरच्याने येऊ द्यायला हवं. आणि तो येऊ देईल कधी, तर तुमच्याबद्दल त्याची काहीतरी खोटी समजूत झाली असेल तेव्हा. ही साखळी तोडून दाखवा! लपवलेल्या शस्त्राला हूल ही वरून लावायची फोडणी नव्हे, ती त्याची कणीक आहे. मोकळा दिसणारा हात हीच हूल. तुम्ही दालनात पाऊल टाकल्यापासून तो हात 'मी निःशस्त्र आहे' असं म्हणत असतो. ती थाप तुम्ही दर क्षणाला देत असता. शस्त्र निघतं त्या क्षणी तुम्ही थाप मारत नाही, उलट पहिल्यांदा खरं बोलता.

गुप्तीचं मात्र थोडं वेगळं. काठी सगळ्यांना दिसते, तिच्यात पातं आहे हे दिसत नाही. तिथे शस्त्र लपलेलं नाही, त्याचं सोंग बदललेलं आहे. ते लांब असू शकतं, कारण ते झडतीतून नाही, नजरेतून निसटतं. पण सूत्र तेच: समोरच्याने ती काठी आहे असं मानलं की पुढचं सगळं त्या मानण्यावर चालतं.

आता हूल म्हणजे काय हे कळायला कबड्डी बघा. तीस सेकंदांची चढाई. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे झुकतो, खांदा टाकतो, नजर तिकडे. कोपरारक्षक पुढे सरकतो. आणि त्याच झोकात मागची लाथ उजवीकडच्या गड्याला लागलेली असते. पंचाने शिट्टी मारून 'थांबा, ही हूल झाली, आता लाथेसाठी पुढचा टर्न' असं सांगितलेलं कधी पाहिलंय? हूल आणि लाथ हे एकाच शरीराचं एकच वळण आहे. हूल दिसते तेव्हा लाथ निघालेली असते, म्हणून तर ती हूल!

खो-खो तर याहून शिकवणारा. तिथे पाठलाग करणाऱ्याला दिशेची हूल देण्याची मुभाच नाही. एकदा खांदा वळवून दिशा घेतली की त्याच दिशेने जायचं, खांबापर्यंत. पळणारा मात्र वाटेल तशी हुलकावणी देऊ शकतो. कारण पाठलाग करणारे नऊ आणि मैदानात पळणारे तीन. एका बाजूला माणसं जास्त म्हणून तिच्या हातून हूल काढून घेतली, दुसऱ्या बाजूला दिली. किती शहाणा नियम आहे! खेळाला हुलीवर वेसण घालायची असेल तर ती अशी घालता येते. कुणी द्यायची, कुठे द्यायची, कितीदा द्यायची हे ठरवा. पण हूल आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये सहा सेकंदांची भिंत बांधू नका. भिंत बांधलीत की उरतं ते हुलीचं नाटक.

गंमत म्हणजे हे पूर्वी आमच्या खेळालाही ठाऊक होतं. १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात लढाईची फेरी एका मिनिटाची होती, आणि गायगॅक्सने तिथे स्पष्ट केलं होतं की त्या मिनिटात कितीतरी वार होतात, काही निव्वळ हुली असतात, काही अडवले जातात. फासा मात्र एकच. म्हणजे हूल त्या एका फाशात मुरलेली होती. २००० साली तिसरी आवृत्ती आली, फेरी सहा सेकंदांची झाली आणि हूल बाहेर काढून तिला स्वतंत्र रकाना मिळाला. रकाना मिळाला की किंमत आली, किंमत आली की तिच्यावर सूट देणारी फीट्स आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर सर्वांसाठी असलेली हूल मूळ नियमांतून गेलीच. ती लढवय्यांच्या एका उपवर्गाची खास युक्ती झाली, आणि तीही मोजक्या फाशांपैकी एक खर्च करून. जी गोष्ट गल्लीतलं शेंबडं पोर लंगडी खेळताना करतं, तिला आता इंधन लागतं.

आता विरोधकांचं ऐकू. आमच्या टेबलावरच दोन विरोधक आहेत आणि दोघेही मूर्ख नाहीत.

पहिला म्हणतो, तोल जाईल. ठकाला बेसावध माणसावर वाराचे जादा फासे मिळतात. त्यात हूल, काढणं, वार हे एका दमात दिलं तर प्रत्येकजण ओच्यात सुरी घेऊन फिरेल. माझं उत्तर: फिरू दे की! सुरी लपवणाऱ्याने किंमत आधीच मोजलेली असते. त्याच्याकडे तलवार नाही, ढाल नाही. तो शत्रूच्या हाताच्या अंतरात, बहुतेक वेळा त्याच्याच घरात उभा आहे. आणि वार एकदाच. तो चुकला तर हातात उरते बोटभर सुरी आणि समोर जागा झालेला शत्रू. शिवाय गोष्ट बाहेर फुटली की पुढच्या वाड्यात दासीला विडा द्यायला पडद्याआडून हात पुढे करावा लागेल. कबड्डीत एकाची मागची लाथ दोनदा गाजली की तिसऱ्या सामन्यात कोपरारक्षक जागचा हलत नाही. जोखीम ही किंमत आहे. वेळ ही त्याची खोटी किंमत आहे, कारण वेळ घेतला की मूळ मालच नासतो.

याच दमात सांगतो, उलट्या टोकाच्या लोकांशीही माझं पटत नाही. काहींना हुलीचा फायदा वेगळा हवा आणि लपवलेल्या शस्त्राचा वेगळा, दोन्ही एकावर एक. का? माणूस दोनदा बेसावध होत नाही. एक समजूत, एक भंग, एक फायदा. मी दोन जकातींच्या विरुद्ध आहे, तसा दोन बक्षिसांच्याही.

दुसऱ्या विरोधकाचा मुद्दा मला जास्त लागला. तो स्वतः कमी बोलणारा आहे, थोडा अडखळतो. तो म्हणाला, "नियम आहेत म्हणून मी या टेबलावर थापाड्या व्यापारी होऊ शकतो. फासा माझ्या वतीने बोलतो. तुम्ही अभिनयाला मोल द्यायला लागलात तर ज्याला छान बोलता येतं तोच जिंकणार. तिने तीन रविवार सुंदर नाटक केलं म्हणून सरदार मरायचा, मग माझ्यासारख्याने काय करायचं?"

खरं आहे. शंभर टक्के खरं आहे. नियम हा अबोल माणसाचा वकील असतो. पण मग हिशोब नीट मांडू. तिने सरदाराला फसवलं ते काय नुसत्या नाटकाने? नाही. झडतीचा फासा पडला, ती जिंकली. चौकशीचा फासा पडला, ती जिंकली. दोन्ही वेळा सरदाराच्या बाजूला हक्काची संधी होती, आणि ती त्याने गमावली. नाटक नसतं केलं आणि नुसतं 'मी ब्लफ करते' असं म्हटलं असतं, तरी निकाल तोच होता. मग तिसऱ्या रविवारी मी त्याच थापेसाठी पुन्हा फासा का मागितला? एकाच मालावर दोन नाक्यांवर जकात घेतली मी. पावती तिच्या हातात होती, ती मी वाचलीच नाही.

आणि पुस्तकालाही आतून हे माहीत आहे, हे मला नंतर उमगलं. हुलीच्या त्याच परिच्छेदात लिहिलंय की जनावराला हूल द्यायची तर आठ वजा, आणि ज्याला बुद्धीच नाही त्याला हूल देताच येत नाही. का बरं? हूल जर मनगटाची करामत असती तर दगडी पुतळ्यालाही देता आली असती. देता येत नाही, कारण हूल समोरच्याच्या समजुतीत राहते. आणि समजूत सहा सेकंदांनी विरत नाही. ती खोटी ठरेपर्यंत टिकते. खानाची पार शामियान्यापर्यंत टिकली.

नुसती टीका करून पळणं बरं नाही, म्हणून आमच्या टेबलाचा नवा नियम इथे मांडतो. शस्त्र लपवण्याचा फासा झडतीच्या वेळी, पुस्तकाप्रमाणे. थापेचा फासा थाप मारताना, पुस्तकाप्रमाणे. दोन्ही जिंकलात की समोरचा त्या थापेखाली आहे असं कागदावर लिहून ठेवायचं. संशयाला नवं कारण मिळालं तर त्याला पुन्हा एक फासा, कारण मिळालं नाही तर नाही. त्या थापेखालच्या माणसावर पहिल्यांदा शस्त्र काढणं आणि वार करणं ही एकच कृती, आणि त्या वारापुरता तो बेसावध. फायदा एकच. त्यानंतर शस्त्र उघडं, थाप संपली. पुढे हूल द्यायची असेल तर ती पुस्तकातल्या दराने. ज्याने हे पाहिलं किंवा ज्याच्यापर्यंत बातमी गेली, त्याच्यावर ही युक्ती चालणार नाही.

आणि शेवटचं कलम माझ्यासाठी. हाच नियम सूत्रधारालाही लागू. उद्या माझ्या गोष्टीतला एखादा वाटाड्या खेळाडूंच्या जवळ येऊन सुरा काढेल तेव्हा त्यांनाही आधी झडतीची आणि संशयाची हक्काची संधी मिळाली पाहिजे. ती न देता 'तो आधीपासूनच फितूर होता' म्हणणं याला हूल म्हणत नाहीत, त्याला लबाडी म्हणतात. दोन्हींत फरक एवढाच, की हुलीत समोरच्याला ओळखायची संधी असते.

मला माहीत आहे, जगात इतके प्रश्न असताना चाळिशी ओलांडलेला माणूस फाशांच्या नियमावर एवढं लिहितो याचं हसू येईल. पण नोकरीत, सोसायटीत, घरात आपण सगळेच अधूनमधून सूत्रधार असतो. कुणीतरी महिनोनमहिने शांतपणे काहीतरी रचतं, ज्या ज्या नाक्यावर थांबवलं तिथे तिथे कागद दाखवतं, आणि शेवटच्या क्षणी आपण पुस्तक उघडून म्हणतो, हे कलम वेगळं, ते कलम वेगळं, एका वेळी एकच. आपण नियम पाळला याचं समाधान आपल्याला मिळतं. समोरचा माणूस फासे गोळा करून निघून जातो. त्याचा प्रश्न साधाच असतो, इतके दिवस मी काय करत होतो? त्याला उत्तर नसेल तर नियम कितीही बरोबर वाचलेला असो, निवाडा चुकलेला असतो.

तिला परवा निरोप पाठवला. म्हटलं, निवाडा चुकला, माझा. रविवारी आपण मागे जाऊ, दिवेलागणीची वेळ, सरदार एकटा, विडा तुझ्या हातात. वार लागेल की नाही तो फासा मात्र तुलाच टाकायचा आहे, तो मी फुकट देणार नाही.

अजून उत्तर आलेलं नाही. असो. चार वाजता चहा टाकणार आहे, एक कप जास्तीचा.